काहूनवाले सर

धर्मपाल मुनेश्वर हा माणूस प्राध्यापक आहे की नाही, हे महिना पाहून सांगावं लागतं. जुलै ते एप्रिल असतो. मे लागला की नसतो. याला तासिका तत्त्व म्हणतात. जेवढे तास शिकवाल तेवढ्याच तासांचा मोबदला. सुट्या लागल्या की तुम्ही कोण आणि कॉलेज कोण. पुढच्या जुलैत पुन्हा अर्ज, पुन्हा तोंडदेखली मुलाखत, पुन्हा तोच वर्ग. अशी सोळा-सतरा वर्षं गेली. केस पिकले, चष्मा लागला, पोरगी अर्पिता बारावीत गेली, आणि बाप अजून तात्पुरताच.

कॉलेजचं नाव घेत नाही, तालुक्याचंही नाही. यवतमाळ जिल्ह्यातला कोणताही तालुका मनात धरा, चालून जाईल. संस्थेचे अध्यक्ष निवडणुकाही लढवतात; त्यांना सगळे बापूजी म्हणतात. शिक्षणमहर्षी हा शब्द त्यांच्या नावाआधी इतक्यांदा छापून आला आहे, की बारशालाच ठेवला होता की काय असं वाटावं.

धर्मपाल समाजशास्त्र शिकवतो, तेही पहिल्या वर्षाला. म्हणजे ज्यांनी हा शब्दच आधी ऐकलेला नाही अशांना. वरच्या वर्गांना कुणीही शिकवावं. पहिला तास घ्यायला माणूस लागतो. तो पुस्तक उघडतच नाही. फळ्याला टेकून उभा राहतो आणि म्हणतो, "आपापल्या गावाचा नकाशा काढा. मारुतीचं देऊळ दाखवा, शाळा दाखवा, पाण्याची टाकी दाखवा. आता आपलं घर दाखवा." पोरं वाकून नकाशे काढतात. मग तो बाकांमधून फिरतो. "तुह्यं घर देवळापाशी. काहून?" "याचं नाल्यापल्याड. काहून बाप्पा?" "हिचं तं गावातच नाई, अलग पोडावर. काहून?" आधी वर्ग हसतो. मग एकेकाचं हसू आटतं. हा सगळा तास वऱ्हाडीत होतो, कारण त्याचा अनुभव असा, की पुस्तकी मराठीत विचारलं तर पोरं पाठ केलेलं उत्तर देतात आणि वऱ्हाडीत विचारलं तर विचार करून देतात. काहून म्हणजे का; पोरांनी त्याचं नावच पाडलं, काहूनवाले सर.

मग नवं धोरण आलं. कला शाखेच्या पोरांनी थोडं विज्ञान शिकायचं आणि विज्ञानाच्या पोरांनी थोडा समाज. ऐकायला फार छान. कॉलेजात त्याचा अर्थ एवढाच घेतला गेला, की कुणाचा कार्यभार वाढतो आणि कुणाचा बुडतो. कार्यभार म्हणजे आठवड्याचे तास. ते पुरेसे भरले तर पूर्णवेळ पद मंजूर होतं, नाही भरले तर असलेलं पदही जातं. समाजशास्त्राचे जुने प्राध्यापक निवृत्त झाल्यापासून तास कमी पडतात म्हणून ती जागा रिकामी होती. धर्मपालला पहिल्यांदाच वाट दिसली. विज्ञानाच्या पोरांनी 'समाजशास्त्राची ओळख' घेतली तर तास भरतील. तास भरले की पद. पद आलं की आपण. सरळ गणित होतं, निदान त्याला तसं वाटलं.

त्याचा जोडीदार रवी हा भौतिकशास्त्राचा. तोही तासिकेवरचाच, वयानं लहान आणि जिभेनं तिखट. कला शाखेसाठीची 'भौतिक विज्ञानाची ओळख' त्याच्या गळ्यात आली होती. दोघांनी आपसात ठरवलं: मी माझी पोरं तुझ्याकडे वळवतो, तू तुझी माझ्याकडे वळव. आणि भर मे महिन्यात दोघं रवीच्या मोटारसायकलवर पोरं गोळा करायला निघाले.

बाहेरच्यांना खरं वाटणार नाही, पण इकडं हा रिवाजच आहे. उन्हाळ्यात प्राध्यापक गावोगाव फिरतात. डोक्याला ओला दुपट्टा बांधायचा, बारावी झालेल्याच्या घरी जायचं, बापाशी सोयाबीनच्या भावाचं बोलायचं, आईनं दिलेलं पाणी प्यायचं आणि हळूच विषय काढायचा. पुष्कळदा त्याच ओसरीवर दुसऱ्या कॉलेजचे प्राध्यापक आधीच ठाण मांडून बसलेले असतात. कुणी दप्तर देतो म्हणतं, कुणी एसटीचा पास काढून देतो म्हणतं. पीएच.डी. झालेली माणसं गोठ्याशेजारी उभी राहून काठावर पास झालेल्या पोराची मनधरणी करतात, आणि पोरगं मोबाइलमधून मान वर करत नाही. ज्या देशात हे चालतं त्या देशानं शिक्षणाबद्दल भाषणं देऊ नयेत, असं माझं मत आहे. पण मला कोण विचारतो.

दारव्ह्याच्या रस्त्यावर एका टपरीवर चहा पिताना रवी म्हणाला, "सर, माह्या विषयात काम म्हंजे बल गुणिले विस्थापन. वस्तू हललीच नाई तं काम शून्य. तुमी इतक्या सालापासून भिंत ढकलून राह्यले. फिजिक्सच्या हिशोबानं तुमी काईच काम केलं नाई."

"अन् घाम?"

"घाम फिजिक्स मोजत नाई."

"मंग तो माह्या विषयात येते," धर्मपाल म्हणाला आणि दोघं पोट धरून हसले.

पहिल्या वर्षी विज्ञानाचा निम्मा वर्ग समाजशास्त्राकडे आला. त्यांनी नकाशे काढले, हसले, गप्प झाले आणि बाहेर जाऊन मित्रांना सांगितलं. दुसऱ्या वर्षी बाकं पुरेनात. रवीचेही तास भरले, पण ते वरच्या कायम प्राध्यापकांनी आपल्या कार्यभारात ओढून घेतले. तो यवतमाळला एका क्लासमध्ये शिकवायला निघून गेला. जाताना भांडलासुद्धा नाही.

धर्मपालचं मात्र जमलं. समाजशास्त्राचं पूर्णवेळ पद मंजूर झाल्याची बातमी आली, त्या दिवशी त्यानं स्टाफरूममध्ये पेढे वाटले. घरी नलूनं, त्याच्या बायकोनं, आजूबाजूच्या चार घरी वाटीभर खीर पाठवली. एवढी वर्षं शिवणयंत्रावर वाकून तिनंच घर ओढलं होतं, तिचा तो हक्कच होता. पद कुणासाठी मंजूर झालं हे विचारायचं मात्र दोघांनाही सुचलं नाही.

ते ऑफिसातल्या देवरावनं सांगितलं. पेढ्याचा तुकडा अजून त्याच्या तोंडात होता. "सर, बिंदुनामावली तपासून आली. आपला बिंदू अनुसूचित जमातीचा हाय."

बिंदुनामावली म्हणजे कुठली जागा कुठल्या प्रवर्गाला, याचा ठरलेला क्रम. धर्मपाल बौद्ध, अनुसूचित जातीतला. जमातीच्या जागेसाठी त्याला अर्जही करता येणार नव्हता. जे पद त्यानं उन्हातान्हात दारोदार फिरून उभं केलं, त्याच्या दारात त्यालाच उभं राहायची सोय नव्हती. आणि शिवी द्यायची तर कुणाला? हीच नामावली त्यानं वर्षानुवर्षं फळ्यावर समजावून सांगितली होती. "ज्याले पंगतीत कधी बसूच देलं नाई, त्याले आंधी वाढा," असं तो पोरांना म्हणायचा. आजही तो तेच म्हणाला असता. साऱ्या पंगतीपुढं एकच ताट मांडायचं आणि उपाश्यांना आपसात लावून द्यायचं, हे ज्यांनी केलं ते कुठल्याच नामावलीत सापडत नाहीत.

प्राचार्यांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. मोठ्या मायेनं म्हणाले, "घाबरू नका, मुनेश्वर. जाहिरात नियमाप्रमाणे देऊ, कुठल्यातरी पेपरात येऊन जाईल. जमातीत समाजशास्त्राचं सेट झालेलं कोण मिळतं आपल्याकडे? उमेदवार आला नाही की पद रिकामं राहील आणि तुमचे तास चालू राहतील. कुणाचंच नुकसान नाही."

सेट म्हणजे प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा. ती झालेलं जमातीतलं एक माणूस धर्मपालला चांगलं माहीत होतं.

पायल टेकाम. मारेगावच्या पलीकडच्या एका कोलाम पोडावरची, म्हणजे गावाबाहेरच्या आदिवासी वस्तीवरची. फार वर्षांमागं असाच मे महिन्यात पोरं शोधत तो त्या पोडावर गेला होता आणि तिच्या बापासमोर मोहाच्या झाडाखाली अर्धा दिवस बसून राहिला होता. बाप शेवटी कंटाळून हो म्हणाला. पहिलं वर्षभर ती वर्गात एक शब्द बोलली नाही. पुढं एम.ए. झाली, सेट झाली. आता घाटंजीकडच्या एका आश्रमशाळेत रोजंदारीवर शिकवत होती, आणि तिथं कुठला पेपर येत असेल तर आदल्या आठवड्याचा.

रात्री त्यानं नलूला सांगितलं. ती यंत्रावरून न उठता म्हणाली, "तुमी कायले सांगता? तिले काम हाय ना हातात? पेपरात पाह्यलं तं येईन, नाई पाह्यलं तं नाई. तुमी काई तिचा पेपर लपवून नाई ठेवला."

"तसं नाई ना नलू."

"मंग कसं हाय? अर्पिताले पुढं शिकवाचं का नाई, एवढं सांगा."

दिवस जात राहिले. अर्जाची मुदत जवळ येत चालली. तो रोज फोन हातात घ्यायचा आणि रोज खाली ठेवायचा. नियम मोडत नव्हता, खोटं बोलत नव्हता, फक्त गप्प होता. गप्प बसण्याइतकं सोपं काम दुसरं नाही. दुनियेतले निम्मे अन्याय याच एका कामावर चालतात.

त्या आठवड्यात विज्ञानाच्या वर्गाला तो अर्पित आणि अर्जित दर्जा शिकवत होता. अर्पित म्हणजे जन्मानं मिळालेला, अर्जित म्हणजे स्वतः कमावलेला. पहिल्या बाकावर खुशी नावाची मुलगी बसायची, फिजिक्सवाली, फार हुशार आणि तितकीच आगाऊ. तिनं हात वर केला. "सर, तुमी एवढे शिकले, एवढं चांगलं शिकवता, मंग तुमी परमनंट काहून नाई?"

धर्मपाल म्हणाला, "सिलॅबसमधलं विचार बाई." पोरं हसली. खुशी खाली बसली. इतक्या वर्षांत असं उत्तर त्यानं कुणाला दिलं नव्हतं. तास संपल्यावर तो सायकल स्टँडच्या मागं गेला आणि त्यानं पायलला फोन लावून जागेचं सांगितलं.

ती आधी आनंदानं ओरडलीच. मग थांबली. "पन सर, ती तं तुमची जागा हाय. तुमचं कसं होईन मंग?"

"माह्यं माह्यं पाहू. तू अर्ज कर. मुदत सरून राह्यली."

इथं गोष्ट संपली असती तर मी ही लिहिली नसती. चांगल्या माणसानं चांगलं काम केलं, एवढ्यानं कुणाचं पोट भरत नाही आणि कुणाची झोपही उडत नाही.

निवड समितीसमोर तास घेऊन दाखवायचा होता. विषय ठरवून दिलेला: विज्ञानाच्या पहिल्या वर्षाला समाजशास्त्राचा पहिला तास. समोर खरा वर्ग बसणार होता. पायल रविवारी घाटंजीहून एसटीनं धर्मपालच्या घरी यायला लागली. सुरुवातीला ती पुस्तकी मराठीत बोलायची. कोलामी तिची घरची भाषा, वऱ्हाडी शाळेत शिकलेली, आणि ही तिसरी, परक्याच्या घरात वावरल्यासारखी. "सामाजिक स्तरीकरण ही एक सार्वत्रिक..." म्हणून ती अडायची, घाम पुसायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

"सोड ते," धर्मपाल म्हणाला. "तू आश्रमशाळेत पोट्ट्याइले कशी शिकवते? तशी शिकव. मी शिकवतो तशी शिकव. नकाशा काढाले लाव अन् विचार."

आणि पायल सुटली. अशी सुटली की धर्मपाल आपल्याच घरात विद्यार्थी होऊन बसला. नकाशा त्याचाच, प्रश्न त्याचेच, पण ती नाल्यापलीकडून बोलत होती, पोडावरून बोलत होती, आणि ते त्याच्या तासापेक्षा चार अंगुळं वरचं होतं. त्याला अभिमान वाटला, आणि लगेच हेवाही. नलू स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून ऐकत होती.

मुलाखतीच्या दिवशी धर्मपालला कॉलेजात यायला बंदी होती, हितसंबंध नको म्हणून. काय झालं ते त्याला दोघांकडून कळलं. खुशीनं सांगितलं, "सर, मॅडमनं मस्त शिकवलं. सारे पोट्टे बोलले. राजू कधी बोलत नाई, तो बी बोलला." आणि देवरावनं सांगितलं, जो आत चहा देत होता. बाहेरून आलेल्या तज्ज्ञ बाई म्हणाल्या, विषयाची जाण आहे, वर्गही रंगला, पण महाविद्यालयात ही भाषा? पद कायमचं आहे, विचार व्हायला हवा. त्यावर बापूजींनी मान डोलावली आणि म्हणाले, "बराबर हाय तुमचं, मॅडम. मास्तरच असं बोलाले लागले तं पोट्टे काय शिकतीन?"

योग्य उमेदवार आढळला नाही. असा निकाल लागला. पद रिकामं.

प्राचार्यांनी धर्मपालला स्वतः खुर्ची पुढं केली. "वाचलात, मुनेश्वर. जुलैपासून या. तुमचं वेळापत्रक मी आत्ताच लावून ठेवतो."

तेव्हा त्याच्या मनात जे पहिल्यांदा आलं ते सुटकेचं होतं. हे झाकण्यात काही अर्थ नाही. पायलचा चेहरा डोळ्यांपुढं यायच्या आधी अर्पिताचा आला. मग राग आला, आणि तोही खराच होता. घरी जाताना रस्ताभर तो बापूजींना, त्या बाईंना, साऱ्या शुद्ध बोलणाऱ्यांना मनातल्या मनात सोलत गेला. निवडणुकीच्या सभेत वऱ्हाडीत टाळ्या घेणारा माणूस वऱ्हाडी बोलली म्हणून पोरीला नापास करतो! तो इतका चिडला होता की घरी पोचेपर्यंत सुटकेची गोष्ट जवळजवळ विसरला.

पुढच्या रविवारी पायल आली. कुणी बोलावलं नव्हतं. नलूनं चहा ठेवला. पायल खुर्चीच्या काठावर बसली होती, कितीतरी वर्षांमागं पहिल्या तासाला बसली होती तशी. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

धर्मपाल खूप बोलला. संस्था कशा असतात, समित्या कशा असतात, पद रिकामं ठेवण्यात कुणाचा फायदा. सगळं खरं होतं. ती ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, "सर, एक विचारू? तुमी तुमच्या इंटरव्यूले असंच बोलले होते का?"

धर्मपालनं आजवर कायम पदासाठी कितीतरी मुलाखती दिल्या होत्या, वणीपासून अमरावतीपर्यंत. एकाही मुलाखतीत तो वऱ्हाडीत बोलला नव्हता. प्रत्येक वेळी आधी आठवडाभर आरशासमोर उभा राहून 'हाय'चं 'आहे' आणि 'नाई'चं 'नाही' घोटायचा, आणि नलू समोर बसून चुका काढायची. वर्गातली बोली तो मुलाखतीच्या दाराबाहेर चपलेसारखी काढून ठेवायचा. पायलला शिकवताना हे त्याला आठवलं नव्हतं का? आठवलं होतं. एका रविवारी तिचा तास ऐन रंगात आला असताना आठवलं होतं. ती इतकी सुरेख बोलत होती की तिला थांबवणं जिवावर आलं. निदान तेव्हा त्यानं स्वतःला कारण तरी हेच दिलं होतं.

नलू चहाचे कप घेऊन दारात थबकली होती. तिची नजर त्याच्यावर होती.

"हो," धर्मपाल म्हणाला. "असाच बोललो होतो."

नलूनं कप खाली ठेवले आणि ती आत निघून गेली. पायलनं मान हलवली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैल झाला, जणू तिला हेच ऐकायचं होतं.

"मंग माह्यंच काई चुकलं असन, सर," ती म्हणाली. "पुढच्या खेपेले बी तुमीच शिकवा मले."